दगडफुलाचा केसपेपर

'लायकेन' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम ऐकला तो त्वचारोगशास्त्राच्या तासाला. इरॅस्मस विल्सन या इंग्रज वैद्याने १८६९ मध्ये 'लायकेन प्लॅनस' असे ज्या विकाराचे नामकरण केले, त्यावर परीक्षेत टीप लिहून आपण मोकळे झालो. हे नाव मुळात कोणाचे, ही चौकशी करण्याइतकी उसंत त्या वयात कोणाला असते? मूळ ग्रीक शब्द झाडाच्या सालीवरील वाढीला आणि माणसाच्या कातडीवरील पुरळाला असा दोहोंकडे वापरला जात असे. आमच्या गावचे एक वृद्ध शेतकरी आंब्याच्या खोडावरील राखी चट्ट्यांकडे बोट दाखवून "झाडाला नायटा झालाय" असे म्हणत. त्यांना ग्रीक येत नव्हते. पण निदानाची दिशा तीच होती.

आपल्या स्मरणिकेसाठी संपादकांनी छंदाविषयी लिहिण्याचा आग्रह केला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. ज्याने आयुष्यभर पॅथॉलॉजीच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी डोळे लावले, त्याने निवृत्तीनंतर पुन्हा सूक्ष्मदर्शकाशीच डोळे लावावेत, यात छंद तो कसला? परंतु हा विषय वाटतो तितका परका नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरी गोड्या मसाल्याच्या डब्यात तो कुटून ठेवलेला असतो. मराठीत दगडफूल, आपल्या शेजारच्या कानडी घरांत कल्लुहूवू, आयुर्वेदात शैलेय आणि शास्त्रीय परिभाषेत शैवाक, ही सारी त्याचीच नावे.

शैवाक म्हणजे एक वनस्पती नव्हे. कवक आणि शैवल यांचा तो एकत्र संसार आहे. घर कवकाचे, अन्न शिजवणारे शैवल. ही गोष्ट स्वित्झर्लंडच्या सिमॉन श्वेन्डेनर याने १८६७ च्या सुमारास मांडली, तेव्हा जुन्या जाणत्यांनी ती हसण्यावारी नेली. पुढे तीच खरी ठरली. २०१६ मध्ये अनेक शैवाकांच्या बाह्य थरात आणखी एक यीस्टवर्गीय कवक राहत असल्याचे दाखवण्यात आले. हा तिसरा भाडेकरू प्रत्येक घरात असतोच असे नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून दिसले. जगात शैवाकांच्या सुमारे २० हजार आणि भारतात अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत या विषयाला हक्काने जागा मागता येते, याचे आणखी एक कारण आहे. शैवाकशास्त्राचा जनक मानला जातो तो एरिक आकारियस (१७५७–१८१९) हा स्वीडनमधील जिल्हा वैद्यकीय अधिकारी होता. लिनेअसच्या हाताखाली प्रबंध सादर करणारा हा शेवटचा विद्यार्थी. गुरूने सर्व शैवाके 'लायकेन' या एकाच प्रजातीत कोंबून टाकली होती. वाडस्टेना या गावी रुग्णालय चालवता चालवता शिष्याने त्यांची नीट वर्गवारी लावली. त्याचे दोन प्रमुख ग्रंथ १८०३ आणि १८१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्यानंतरचा मोठा माणूस म्हणजे फिनलंडचा विल्यम निलँडर (१८२२–१८९९). त्याचीही पदवी वैद्यकाचीच. शैवाकावर पोटॅश किंवा विरंजक चुन्याचा थेंब टाकून रंग पाहायचा आणि त्यावरून जात ओळखायची, ही पद्धत त्याने १८६६ मध्ये रूढ केली. स्वभावाने मात्र तो अत्यंत हट्टी. श्वेन्डेनरचे म्हणणे त्याने अखेरपर्यंत मान्य केले नाही. या दोघांचेही नमुने आज हेलसिंकी विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आकारियसने स्वतः तपासलेला दोनशे वर्षांपूर्वीचा तुकडा आजही पाकिटातून काढून भिंगाखाली धरता येतो.

माझा या वाटेवरचा प्रवेश अपघातानेच झाला. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक रक्ततपासणीसाठी माझ्याकडे येत. सारे त्यांना सर म्हणत, तसा मीही म्हणत असे. एकदा अहवाल घेताना त्यांनी टेबलावरील पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली पाहिली आणि विचारले, "डॉक्टर, हे कशासाठी ठेवता?" त्वचेच्या खरवडीत बुरशी शोधण्यासाठी, असे मी सांगितले. "आणि ते?" ते सोडियम हायपोक्लोराइट होते, निर्जंतुकीकरणासाठी. सर हसून म्हणाले, "मग तुमची अर्धी प्रयोगशाळा तयारच आहे. आता फक्त डोंगर चढायचा."

त्या २००८ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे जांबोटीच्या वाटेला लागलो. बेळगावहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावर पावसाळा संपता संपता झाडांची खोडे पाहण्यासारखी असतात. ओल्या हवेत शैवाके हिरवट, मऊ आणि फुगलेली दिसतात, आणि उन्हाने वाळली की पापडासारखी कडक होतात. काही सालीला रंग फासल्यासारखी घट्ट चिकटलेली, काही पानांसारखी कडेने सुटी, तर काही फांदीवरून दाढीसारखी लोंबणारी. ग्राफिस नावाचा एक गट आहे. त्याच्या पांढरट पृष्ठावर काळ्या वळणदार रेघा असतात. सरांनी तो प्रथम दाखवला तेव्हा एखाद्या जुन्या दप्तरातील मोडीचा कागद कोणी झाडावर डकवला आहे, असेच मला वाटले.

गोळा करण्याचे तंत्र सांगण्यास सोपे आहे. हाताला वळण पडण्यास मात्र दोन-तीन हिवाळे जातात. पानासारखे शैवाक कोरडे असताना ओरबाडले तर चुरा होतो. म्हणून त्यावर पाणी शिंपडून थोडा वेळ थांबायचे आणि मग बोथट सुरी खालून सरकवायची. सालीशी एकजीव झालेले असेल तर पातळ ढलपी काढावी लागते, तीही सालीच्या वरच्या मृत थरापुरतीच. झाडाच्या जिवंत भागाला धक्का लागता कामा नये. बायोप्सी घेणाऱ्यास हे वेगळे सांगायला नको. खडकावरच्यासाठी छिन्नी-हातोडा लागतो आणि डोळ्यांना चष्मा हवाच. गळ्यात दहा पट भिंग असावे. नमुना कागदात ठेवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही नाही, कारण एका रात्रीत बुरशी धरते. आणि जे एकच आहे ते तसेच सोडून पुढे जायचे. तळहाताएवढ्या वाढीला कित्येक वर्षे लागलेली असतात. अनेक जाती वर्षाकाठी जेमतेम एखाद-दुसरा मिलिमीटर पसरतात. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीवाचून पानही तोडता येत नाही. खानापूर तालुक्यातील भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आम्ही खासगी बागांतूनच, मालकाला विचारून, नमुने घेत असू. मालक बहुधा म्हणत, "न्या की, झाड स्वच्छ होईल." शैवाक झाडाचा रस शोषत नाही, त्याला फक्त बसायला जागा हवी असते, हे पटवून देण्यात आमचा अर्धा तास जाई आणि चहाही होई.

त्या पहिल्या फेरीत आम्ही २८ नमुने आणले. दिवसभर मी वर्तमानपत्राच्या घड्या करीत होतो आणि प्रत्येकीवर शाईच्या पेनने क्रमांक व ठिकाण लिहीत होतो. परतताना पावसाने गाठले. स्कूटरच्या डिकीत पाणी शिरले आणि घरी येऊन पाहतो तो घड्यांवर नुसते निळे डाग. सरांची वही आणि दोघांची आठवण यांच्या आधारे १७ नमुन्यांची ठिकाणे निश्चित करता आली. ११ राहिले. मला वाटले, एवढे काय बिघडले? 'जांबोटी परिसर' असे लिहून टाकावे. ते काही खोटे नव्हते. सरांनी मान हलवली. "कोणते झाड? कोणत्या बाजूचे? ओढ्याकाठचे की माळावरचे? ठाऊक नसेल तर लिहू नका, डॉक्टर."

त्या रात्री मला १९८० च्या दशकातील एक प्रसंग आठवला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. एका रुग्णालयातून फॉर्मॅलिनच्या दोन बाटल्या आल्या. दोन्हींवर 'बायोप्सी' एवढेच लिहिलेले. सोबतचे दोन कागद दोन वेगवेगळ्या रुग्णांचे. कोणती बाटली कोणाची हे सांगण्यास कोणी तयार नव्हते आणि अंदाज करण्यास सारे तयार होते. एका तुकड्यात कर्करोग होता, दुसऱ्यात नव्हता. मी नावानिशी अहवाल देण्याचे नाकारले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वयाने व मानाने मोठे. ते अतिशय संतापले. अखेर दोन्ही रुग्णांची पुन्हा बायोप्सी करावी लागली. त्यानंतर पुढे कित्येक वर्षे मी प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरला ही कथा सांगत आलो. आणि आता माझ्याच हातून ११ बिनचिठ्ठीच्या बाटल्या घरात आल्या होत्या.

दुसऱ्या फेरीपासून पद्धत बदलली. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, कारण शिसे पाण्याने पुसत नाही. ती नमुन्यासोबत आत ठेवायची आणि तोच क्रमांक वहीत. क्रमांकमाला एकच, आयुष्यभराची. दरवर्षी नव्याने १ पासून सुरू करण्याचा मोह टाळायचा. क्रमांकापुढे गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव. सर्वांत महत्त्वाचा रकाना आधाराचा: रायवळ आंबा, खोडाची उत्तर बाजू, जमिनीपासून सुमारे दीड मीटर. नावाचा रकाना शेवटी आणि बहुधा रिकामा. घरी आल्यावर नमुने हवेशीर जागी सुकवायचे, चपटे राहतील इतपतच दाबायचे आणि कीड मरावी म्हणून काही दिवस शून्याखाली वीस अंशांत ठेवायचे. जुन्या काळी संग्रहालयांतील नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावीत. अशा पाकिटांना हात लावताना आजही हातमोजे घालावेत हे उत्तम.

आता ओळख पटवण्याकडे वळू. येथे डॉक्टरांना घरी आल्यासारखे वाटेल. शैवाकाच्या वाटीसारख्या फलकायेचा दाढीच्या पात्याने उभा पातळ छेद घ्यायचा आणि पाण्यात किंवा पोटॅशमध्ये बसवून बीजुकांचा आकार, रंग व पडदे मोजायचे. मग थेंबाच्या चाचण्या: पोटॅश, हायपोक्लोराइट आणि तिसरी पॅराफेनिलीनडायअमीन, जी जपानच्या आसाहिना यांनी १९३४ मध्ये आणली. केसांच्या कलपातले हेच ते द्रव्य, ज्याने सुजलेले चेहरे आपण बाह्यरुग्ण विभागात पाहतो. म्हणून ही चाचणी मी हातमोज्यांवाचून करीत नाही आणि घरी तर मुळीच नाही. चाचणी नेहमी सुट्या कणावर करायची. रसायन लागलेला तुकडा पाकिटात परत टाकायचा नाही. एवढ्याने भागले नाही तर पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने आम्ले वेगळी करतात. त्यासाठी मात्र संस्थेचे दार ठोठवावे लागते.

एकदा गंमत म्हणून रविवार पेठेतून १०० ग्रॅम दगडफूल आणले आणि ते ट्रेमध्ये पसरून भिंगाखाली निवडत बसलो. काड्या, शेवाळ, माती बाजूला काढल्यावर उरलेल्याचे तीन ढीग सहज झाले. पहिल्यातील तुकड्यांचा वरचा थर खरवडून आतील पांढऱ्या भागावर हायपोक्लोराइटचा थेंब टाकला तर तो क्षणात रक्तासारखा लाल झाला. हे पार्मोट्रेमा टिंक्टोरम. दुसरा ढीग हायपोक्लोराइटला दाद देईना, पण पोटॅशने पिवळा होऊन लाल झाला. तिसरा पॅराफेनिलीनडायअमीनने नारिंगी. तोच बहुधा पार्मोट्रेमा पर्लाटम, म्हणजे पुस्तकातले शैलेय. एका पुडीत तीन जाती, कदाचित अधिक. दुकानदाराला विचारले, हे कोठून येते? "वरून येतं," एवढेच त्याला ठाऊक. हिमालयाच्या उतारांवरून मसाल्याच्या बाजारासाठी शैवाके मोठ्या प्रमाणावर गोळा केली जातात. आमची पुडी तिकडची की आपल्या घाटातली, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

आमटीसाठी याने काही बिघडत नाही. औषधासाठी बिघडते. 'दगडफुलाच्या अर्काचा अमुक परिणाम' असे शीर्षक वाचले की मी प्रथम पाहतो, तो अर्क ज्या नमुन्याचा, तो कोणत्या संग्रहालयात कोणत्या क्रमांकाने ठेवला आहे. ती ओळ नसेल तर तो प्रयोग पुन्हा करून पाहण्याची वाट बंद झालेली असते. जातीगणिक आम्ले बदलतात. दाढीसारख्या अस्निया शैवाकात आढळणारे अस्निक आम्ल जीवाणूंवर प्रभावी असते, म्हणून त्याचे कौतुक झाले. तेच आम्ल वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी उत्पादनात घातले गेले आणि यकृत निकामी होण्याच्या तक्रारी आल्या. २००१ मध्ये तेथील औषध प्रशासनाला लोकांना सावध करावे लागले. उलट आपल्या यकृताच्या बायोप्सीवर हेपॅटायटिस बी चा पृष्ठ-प्रतिजन दाखवणारा शिकाता यांचा १९७४ चा ऑर्सीन रंग, आणि शाळेतला लिटमस कागद, हे दोन्ही शैवाकांचेच देणे. शिकाता पद्धतीने रंगवलेल्या कितीतरी काचा मी पाहिल्या आणि तो रंग कोठून येतो हे मला साठी उलटल्यावर कळले!

आणखी एका कारणासाठी या पाकिटांची किंमत आहे. शैवाकाला मुळे नाहीत, त्वचेवर मेणाचे आवरण नाही. हवेतले जे येते ते आत घेण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. सल्फर डायऑक्साइड वाढला की त्याच्या नाजूक जाती प्रथम नाहीशा होतात. पॅरिस शहरात शैवाके विरळ झाली आहेत आणि लक्झेंबर्ग उद्यानात मात्र तग धरून आहेत, हे निलँडरने १८६६ मध्येच नोंदले होते. इटलीतील चिस्लागी आणि निमिस यांनी १९९७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात व्हेनेटो प्रांताचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे शैवाकांची विविधता कमी, तेथे तरुण व मध्यमवयीन पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक, असा संबंध त्यांना आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे आपल्याला शिकवलेले आहे; पण असा प्रश्न विचारता येण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी गावोगाव झाडे मोजून ठेवलेली असावी लागतात. बेळगावच्या रस्त्यांवरील झाडांची अशी एखादी जुनी नोंदवही कोणाच्या माळ्यावर असल्यास मला ती पाहण्याची फार इच्छा आहे.

आपल्या देशात हे काम थोड्या पण चिवट माणसांनी केले. लखनौच्या धरणीधर अवस्थी (१९२२–२०११) यांनी भारतीय शैवाकांच्या ओळखीच्या किल्ल्या लिहिल्या, आणि त्यांचा संग्रह तेथील राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा आदींनी पश्चिम घाटातील शैवाकांवर वर्षानुवर्षे काम केले. आमच्यासारख्या हौशी लोकांचे काम एवढेच, की चिठ्ठी नीट लिहावी आणि नमुना जाणत्यांच्या हाती सोपवावा.

माझ्या वहीतील ६१ क्रमांकाचा नमुना मोडीसारख्या रेघांचा. २००९ च्या डिसेंबरात, जांबोटीच्या अलीकडच्या एका वाडीबाहेरील रायवळ आंब्यावरून सरांनी स्वतः काढलेला. पाकिटावर प्रथम 'ग्राफिस' एवढेच लिहिले होते. सर २०१६ मध्ये गेले. २०१८ मध्ये या प्रजातीतील बऱ्याच जाती वेगळ्या काढून त्यांना 'अलोग्राफा' असे जुने नाव पुन्हा देण्यात आले आणि एका तरुण संशोधिकेने आमचा नमुना तपासून पाकिटात दुसरी चिठ्ठी घातली. पहिली काढली नाही. तशी ती काढायचीही नसते. पुढच्या वर्षी तिला त्याच झाडावरचा ताजा नमुना हवा होता, म्हणून मी तिला घेऊन गेलो. रस्ता रुंद झाला होता. वाडी जागेवर होती. आंब्याचा बुंधासुद्धा शिल्लक नव्हता. जवळच्या चार-पाच झाडांवर आम्ही दुपारपर्यंत शोधले. तसे काही सापडले नाही. तिने वहीत '६१: आधारवृक्ष नष्ट' असे लिहिले, दिनांक घातला, आणि पेन्सिल मला परत दिली.

ते ११ नमुने मात्र अजून माझ्याकडेच आहेत. संग्रहालयात त्यांना जागा नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांत टिंक्टोरमचा एक चांगला हातभर तुकडा आहे. हायपोक्लोराइट जुने झाले की त्याचा जोर जातो आणि चाचणी खोटी नकारार्थी येते. म्हणून नवी बाटली उघडली की मी त्या तुकड्याचा एक कण तोडून त्यावर थेंब टाकतो. तो लाल झाला, की बाटली कामाची.